पहाटे छताचं तापमान जास्त, दुपारी बरोबर: सोलर पूल कंट्रोलरचा सेन्सर बदलावा का?

प्रश्न

पोहण्याच्या तलावाला सोलर हीटिंग आहे. छतावर काच नसलेले काळे प्लास्टिकचे पॅनेल, खाली पंप, मोटरवर फिरणारा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह आणि कंट्रोलर. कंट्रोलरला दोन सेन्सर जोडलेले आहेत, एक छतावर पॅनेलशेजारी आणि एक पंपाजवळ पाइपमध्ये. दोन्ही १० के एनटीसी (तापमानानुसार रोध बदलणारे थर्मिस्टर, २५ अंशांना १०,००० ओहमचे). छतावरच्या सेन्सरची वायर साधारण ३५ मीटर आहे आणि वळचणीखाली तिला एक जोड आहे, पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला.

अडचण अशी की पहाटे ऊन यायच्या आधी, हवा १८ अंश असताना, कंट्रोलर छताचं तापमान ३१ दाखवतो. तलाव २५ वर असतो. छत तलावापेक्षा किती गरम झालं की सोलर सुरू व्हावं, तो फरक ६ अंशांचा ठेवलाय, त्यामुळे व्हॉल्व्ह फिरतो, पंप सुरू होतो आणि कोमट पाणी गार पॅनेलांतून फिरून आणखी गार होऊन परत येतं. सकाळपर्यंत तलाव अंश-दीड अंशाने उतरलेला असतो. अकराच्या सुमारास आकडा आपोआप ताळ्यावर येतो, दुपारी काहीच चूक दिसत नाही. दव पडलं असेल त्या दिवशी हे हमखास होतं.

सेन्सर बदलावा की कंट्रोलरच गेलाय? तोवर फरक ६ वरून १२ केला तर चालेल का?

उत्तर १

फरक वाढवू नका. काच नसलेले पॅनेल कमी फरकावरच चांगलं काम करतात. १२ ठेवलात तर सकाळची चांगली उष्णता हातची जाईल, आणि बिघाड आणखी वाढला की तो १२ चाही टप्पा ओलांडेल. तोवर सोलर मोड बंद ठेवून ऊन आल्यावर हाताने सुरू करा.

तुमच्या वर्णनावरून सेन्सर आणि कंट्रोलर दोन्ही शाबूत असावेत, ओल वायरीच्या जोडात शिरलेली असावी असं माझं मत आहे. कारण सांगतो.

एनटीसी तापला की त्याचा रोध कमी होतो. नेहमीच्या १० के सेन्सरचे आकडे साधारण असे: ० अंशाला ३२,६५० ओहम, १० ला १९,९००, २० ला १२,४९०, २५ ला १०,०००, ३० ला ८,०६०, ४० ला ५,३३०, ५० ला ३,६००, ६० ला २,४९०.

आता तुमचा हिशेब. खऱ्या १८ अंशांना सेन्सर १३,७०० ओहमच्या आसपास असायला हवा. कंट्रोलरला ३१ दिसतंय, म्हणजे त्याच्या टर्मिनलवर जेमतेम ७,७०० ओहम पोचतायत. हे व्हायला दोन तारांच्या मधे साधारण १७,७०० ओहमची गळती समांतर लागलेली पुरेशी आहे. ओल्या, गंजलेल्या जोडातून तेवढी गळती सहज होते. ऊन लागून जोड सुकला की गळती थांबते आणि आकडा बरोबर येतो.

हीच गळती भर दुपारी असती तरी फारशी दिसली नसती. ५५ अंशांना सेन्सर मुळातच ३,००० ओहमच्या खाली असतो, त्याला १७,७०० समांतर लावले तरी कंट्रोलर ५९ दाखवेल. पहाटे १३ अंशांची चूक, दुपारी ४ अंशांची. म्हणून समांतर गळती गारठ्यात पकडायची असते.

याच्या उलट, जोड सैल किंवा गंजलेला असून रोध ओळीत (सिरीजमध्ये) वाढला असेल तर चूक उन्हात दिसते आणि आकडा कमी येतो. समजा ५०० ओहम वाढले, तर ६० अंशांचं छत ५५ दिसेल, पण २० अंशांना फरक एका अंशाचाही पडणार नाही. वायर पूर्ण तुटली तर आकडा तळाला जातो, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर शेंड्याला. अनेक कंट्रोलर अशा वेळी आकड्याऐवजी थेट एररच दाखवतात.

तपासणी पहाटे, चूक समोर दिसत असतानाच करा. दुपारी मोजलंत तर सगळं उत्तीर्ण होईल.

आधी कंट्रोलर आणि पंप दोन्हींचे एमसीबी पाडा, कारण त्याच डब्यात पंपाचा मेन सप्लायही असतो. छताच्या सेन्सरच्या दोन्ही तारा टर्मिनलमधून बाहेर काढा. तारा जागेवर ठेवून मोजलंत तर कंट्रोलरच्या आतलं सर्किटही मोजमापात येतं आणि आकडा फसवा निघतो. मल्टीमीटर २० के रेंजवर ठेवा आणि प्रोबची टोकं बोटांनी दाबून धरू नका. दोन्ही हातांची बोटं धातूला लागली तर शरीराचा रोध समांतर येतो आणि अंश-दोन अंशांची चूक तिथेच होते. मगरपकडी असलेल्या वायरी बऱ्या.

आता खरी गंमत: आकडा लिहून घ्या आणि प्रोब उलटे लावून पुन्हा मोजा. थर्मिस्टरला प्लस-मायनस नसतो, दोन्ही वेळा तोच आकडा यायला हवा. आकडा वेगळा आला किंवा एकसारखा सरकत राहिला, तर मधे पाणी आहे. ओल आणि गंजलेलं तांबं मिळून छोटी बॅटरी तयार होते आणि मीटर तीही मोजतो.

त्यानंतर वळचणीखालचा जोड उघडा आणि सेन्सर एकटा, वायर एकटी अशी वेगवेगळी मोजा. वायर मोजताना तिची दोन्ही टोकं मोकळी हवीत आणि मीटर सगळ्यात मोठ्या रेंजवर. तिथे ओएल (रेंजबाहेर, म्हणजे तारांमधे गळती नाही) दिसलं पाहिजे.

उत्तर २

वरच्या उत्तराशी सहमत, पण छतावर चढण्याआधी कंट्रोलर बाद नाही ना, याची खात्री खाली उभं राहूनच करता येते. एक टक्क्याचा १० के रेझिस्टर घ्या, पट्ट्या तपकिरी, काळी, काळी, लाल, तपकिरी. छताच्या सेन्सरच्या टर्मिनलमध्ये तो लावून सप्लाय द्या. २५ दिसायला हवं, एखादा अंश इकडेतिकडे चालेल. ३१ दिसलं तर दोष कंट्रोलरच्या इनपुटमध्ये आहे. सप्लाय देताना सोलर मोड बंद असू द्या.

मग ४.७ के लावून बघा. साधारण ४३ दिसलं तर वरचा तक्ता तुमच्या कंट्रोलरला लागू आहे. ४६ दिसलं तर कंट्रोलर ३४३५ बीटाच्या (तापमानासोबत रोध किती वेगाने बदलतो तो आकडा) सेन्सरसाठी बनलेला आहे, मग सेन्सरही त्याच बीटाचा घ्या. पाकिटावर नुसतं १० के लिहिलेलं असतं आणि लोक तेवढं बघून बदलतात. दोन्ही जाती २५ ला बरोबर जुळतात, पण ३४३५ चा सेन्सर दुसऱ्या जातीच्या कंट्रोलरवर ६० अंशांना ५५ दाखवतो. ओळीतल्या रोधाची चूकही नेमकी अशीच दिसते, त्यामुळे माणूस चांगला जोड पुन्हापुन्हा सोलत बसतो.

सेन्सर बर्फात तपासायचा असेल तर कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घ्या, पाच मिनिटं ढवळत ठेवा. पण मीटर २०० के रेंजवर न्या. २० के रेंजवर ३२ के मावत नाही, मीटर ओएल दाखवतो आणि धडधाकट सेन्सर तुटला समजून फेकला जातो.

प्रश्नकर्ता

पहाटे मोजलं, हवा १९ अंश होती. रेझिस्टर लावून कंट्रोलर २५ आणि ४३ दाखवतो, म्हणजे तो ठीक आहे. छताची वायर काढून मोजली तर ७.२ के, प्रोब उलटे केल्यावर ८.१ के, आणि आकडा स्थिर राहत नव्हता. जोड उघडला तर टेपच्या आत पाणी आणि हिरवी पूड. सेन्सर एकटा १३.१ के, दोन्ही बाजूंनी सारखाच. वायर एकटी ओएल. मात्र वायरीचं तांबं जोडापासून चार बोटं आतपर्यंत काळं पडलंय. आता जोड कसा करावा? वायरही बदलावी का?

उत्तर १

१९ अंशांना १३.१ के म्हणजे सेन्सर उत्तम आहे, बदलू नका.

काळं पडलेलं तांबं सोल्डर धरत नाही. तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे कापत चला. चार बोटांचं काळेपण असेल तर वीतभर कापून काम होईल. अर्धा मीटर कापूनही आत काळंच निघालं तर पाणी आवरणाच्या आतून ओढलं गेलंय, मग तो तुकडा पूर्ण बदला.

दोन्ही तारांचे जोड एकमेकांसमोर ठेवू नका, तीन-चार सेंटिमीटर मागेपुढे घ्या. म्हणजे एखाद्यात ओल शिरलीच तरी दुसऱ्यापर्यंत वाट मिळत नाही. सोल्डर करा, प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा आणि दोन्हींवर मिळून तसलीच एक मोठी. तापवल्यावर नळीच्या टोकांतून गोंद किंचित बाहेर डोकावला पाहिजे, तो दिसला नाही तर नळी बंद झालेली नाही. सोल्डर जमत नसेल तर जेल भरलेले कनेक्टर वापरा. नुसती टेप नको, उन्हात तिचा गोंद वितळतो आणि तीच पाणी धरून ठेवते. सिलिकॉन लावायचा झाला तर व्हिनेगरसारखा वास येणारा घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्या.

जोडाच्या दोन्ही बाजूंनी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडेल. काम झाल्यावर जोडावर पाणी ओतून कंट्रोलरच्या टोकाशी पुन्हा मोजा, प्रोब उलटसुलट करून.

उत्तर ३

वायर हाताशी आहे तर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. ३५ मीटर वायरीचा स्वतःचा रोध १० के सेन्सरला काहीच बाधत नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्यात जाऊन-येऊन अडीच ओहम होतात, आणि २५ अंशांजवळ एक अंश म्हणजे सुमारे ४४० ओहम. (पीटी १००, म्हणजे ० अंशाला फक्त १०० ओहमचा प्लॅटिनम सेन्सर असता तर त्याच अडीच ओहमांनी साडेसहा अंश चुकवले असते.) त्यामुळे जाड वायर टाकण्यात अर्थ नाही. ती पंपाच्या केबलसोबत एकाच पाइपातून मात्र नेऊ नका. पंप सुरू होताच आकडा नाचत असेल तर कारण हेच असतं, पंपाला व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह (वेग कमी-जास्त करणारं यंत्र) असेल तर विशेष. शील्ड (तारांभोवती धातूची जाळी) असलेली वायर असेल तर शील्डला फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थिंग द्या, छताकडचं टोक मोकळं ठेवा.

दुसरं म्हणजे पाण्याचा सेन्सर. पंप बंद असताना तो तलावाचं तापमान सांगत नाही, पाइपात साचलेल्या पाण्याचं सांगतो. उन्हातला पाइप असेल तर तो आकडा बराच जास्त असतो, त्यामुळे पंप पाच-दहा मिनिटं चालल्यावरच तुलना करा. त्याची जागा पंपानंतर आणि सोलर व्हॉल्व्हच्या आधी हवी. व्हॉल्व्हच्या पुढे बसवला असेल तर पॅनेलमधून आलेलं गरम पाणीच त्याला दिसतं, कंट्रोलरला फरक मिटल्यासारखा वाटतो आणि सोलर सारखं चालू-बंद होत राहतं.