दलाल संपला म्हणे!

आडवाटेचा:
परवा एका सद्गृहस्थांनी ठणकावून लिहिलं की मोबाईल आला आणि वेश्याव्यवसायातला दलाल इतिहासजमा झाला. बाई स्वतःच्या नंबरवर गिऱ्हाईक घेते, पैसे थेट खात्यात, मधला माणूस उपाशी. पुरावा काय, तर मुंबईच्या फॉकलंड रोडवर जाळीआड बायका बसायच्या ते पिंजरे ओस पडलेत! खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पिंजरे ओस पडायला एड्सची भीती, धाडी आणि जागेचे भाव पुरेसे होते. बायका गेल्या भिवंडीला, नवी मुंबईला, हायवेच्या लॉजवर. तिथे त्यांना खोली कोणी मिळवून दिली, मोबाईलने?

आणि दलाल काय फक्त गिऱ्हाईक आणायचा? १८६८ च्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात गोरं सरकार बायकांची नोंद करून तपासणी करत होतं. त्यातून सुटायचं तर शिपायाला कोणीतरी सांभाळावं लागे. पुढे १९२३ चा मुंबईचा कायदा खास दलाल आणि मुली पळवणाऱ्यांविरुद्ध आला. दलाल काही मेला नाही, दारातून उठून नाक्यावर गेला. मग १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण पिटा म्हणतो. त्याचं कलम ८ वाचा. बाईने स्वतः गिऱ्हाईक बोलावलं तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद. तेच पुरुषाने केलं तर सात दिवस ते तीन महिने! तिने तोंड उघडायचं नाही अशी सोय कायद्यानेच केली, तर तिच्या वतीने बोलणारा उभा राहणारच.

जाहिरात, जागा आणि पोलीस, या तिन्हींवर तो जगला. मोबाईलने त्यातली फक्त जाहिरात नेली.

सुटसुटीत:
ते सद्गृहस्थ मीच. नाव घ्यायला लाजलात का?

कलमं तुम्ही पाठ केलीत, मी लॉजच्या काउंटरवर रात्रपाळी केलीय. तेव्हा दलालाशिवाय बाई पायरी चढत नसे. रजिस्टरच्या कडेला पेन्सिलने बारीक फुली मारायची, महिनाअखेरीस त्या फुल्या मोजून लॉजकडून त्याचं कमिशन. बाईच्या पैशातला अर्धा वाटा वेगळाच. नोकरी सोडली त्या सुमाराला फुल्या जवळपास बंद झाल्या होत्या. बायका एकट्या यायच्या, आधार कार्ड काउंटरवर ठेवायच्या, कोणाला काही द्यायच्या नाहीत. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय हे. १८६८ तुम्हालाच लखलाभ.

आडवाटेचा:
बरं. फुली बंद झाली, मग खोलीचं भाडं किती झालं? एकट्या बाईला रेट तोच होता का?

सुटसुटीत:
मॅनेजर जास्त घ्यायचा. तो धंद्याचा भाग आहे.

आडवाटेचा:
धन्य आहे! पेन्सिल गेली, वाटा राहिला.

काळा कोट:
दोघेही एक गोष्ट विसरताय. दलाल म्हणून पकडला कोण जातो?

कलम ४ : अठरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद. यात आईच्या कमाईवर शिकणारा पोरगा येतो, म्हातारा बाप येतो. माझ्याकडे एका बाईच्या मुलाची केस होती. धाडीच्या वेळी तो घरात अभ्यास करत बसलेला. पंचनाम्यात 'इसम नामे अमुक, दलाल'. जप्त मुद्देमालात मोबाईल, सातशे रुपये आणि परीक्षेचं हॉल तिकीट. ते हॉल तिकीट सोडवून आणेपर्यंत पेपर होऊन गेला.

दोन बायकांनी खर्च वाटून एक खोली घेऊन धंदा केला तरी कायद्याने तो कुंटणखाना. म्हणजे दलालाला टाळायचा जो सरळ मार्ग, तोच गुन्हा. खरा दलाल यात क्वचित सापडतो, कारण धाडीची खबर त्याला आधी असते.

पागडीवाला:
तुम्ही सगळे घरमालकावर गप्प का? मी कामाठीपुऱ्याच्या अलीकडच्या गल्लीत वाढलोय. तिथे खोली नव्हे, खाट भाड्याने जायची, तीही पाळीवर. पैसे कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीकडे, घरवालीकडून भाडेकरूकडे, त्याच्याकडून मालकाकडे. मालक मलबार हिलला. त्याला कोणी भडवा म्हटलं नाही, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर मात्र 'शेठ' लागायचं. आता म्हाडाचा पुनर्विकास येतोय. फ्लॅट कोणाला? मालकाला आणि पावतीवाल्या भाडेकरूला. खाटेवरच्या बाईकडे कसली पावती?

सुटसुटीत:
विषय दलालाचा आहे, रिअल इस्टेटचा नाही.

पागडीवाला:
सगळा विषय रिअल इस्टेटचाच आहे हो! तुमची लॉजसुद्धा.

काळा कोट:
पागडीवाल्यांची नेहमीची टेप आहे, पण यावेळी पकडलंय बरोबर. कलम १८ बघा. शाळा, देऊळ, सार्वजनिक जागेपासून दोनशे मीटरच्या आत कुंटणखाना चालतो असं ठरलं, की मॅजिस्ट्रेट सात दिवसांत जागा रिकामी करून घेऊ शकतो. भाडेकरार रद्द. मालकाला फक्त एक वर्ष परवानगीशिवाय भाड्याने देता येत नाही. एरवी त्याच मालकाला जुना भाडेकरू हलवायला पिढ्या जातात. कलम ३ मध्ये मालकालाही शिक्षा आहे, पण 'मला माहीत नव्हतं' म्हटलं की तो सुटला.

पागडीवाला:
हेच! आमच्या समोरच्या माडीला सील लागलं तेव्हा पेढे कोणी वाटले ते पाहिलंय मी.

सरळमार्गी:
वाचून किळस येतेय. मालक, मॅनेजर, कायदा सगळे दोषी, फक्त दलाल निर्दोष? नागपूरला २०२१ मध्ये गंगाजमुना ही वेश्यावस्ती सील केली तेव्हा असेच गळे काढले होते. सगळीकडे तेच करा. मुळावर घाव घाला.

आडवाटेचा:
घातला होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत एकाच मोहिमेत चारशेहून जास्त मुली सोडवल्या, त्यात नेपाळच्या बऱ्याच. महिनोन् महिने सुधारगृहात पडून होत्या, कारण त्यांचं सरकार परत घ्यायला कां-कू करत होतं. धंदा थांबला? आणि गंगाजमुनाच्या बायका काय हवेत विरल्या? गल्लीत कुलूप लागलं की बाई अनोळखी शहरात, अनोळखी माणसाच्या भरवशावर जाते. त्या माणसालाच तर दलाल म्हणतात.

सरळमार्गी:
आकडे मला शिकवू नका. आमच्या गावची मुलगी मुंबईत घरकामाला म्हणून नेली. नेणारी तिची सख्खी मावशी. वर्षभर तिच्या नावाने घरी मनीऑर्डर येत होती, सगळा गाव म्हणत होता पोरगी मार्गी लागली. तुम्ही 'जागा, जाहिरात, पोलीस' करत बसा. मला ती मावशी दिसते.

काळा कोट:
ही गोष्ट मी नाकारणार नाही. अशा मावश्या खूप पाहिल्यात. पण त्या मावशीसाठी कलम ५ आहे, तीन ते सात वर्षं. लागलं का?

सरळमार्गी:
गुन्हाच नोंदवला नाही. घरच्यांनी नको म्हटलं.

सुटसुटीत:
बघा, म्हणजे मावशी मोकळी आणि हॉल तिकीटवाला आत. चला, मान्य करतो, दलाल संपला नाही, लॉजचा मॅनेजर झाला. खूश? पण पूर्वी अर्धा वाटा जायचा, आता भाड्यावर थोडे जास्त जातात. बाईच्या हातात जास्त पडतं की नाही? एवढं तरी कबूल करा.

आडवाटेचा:
जिच्याकडे स्मार्टफोन, मराठी-हिंदी वाचता येणं आणि बँक खातं आहे, तिच्या हातात पडतं. कबूल. जी पश्चिम बंगालमधून कालच आलीय आणि जिचं आधार दुसऱ्याच्या ताब्यात आहे, तिचं काय ते तुमच्या काउंटरवरून दिसत नव्हतं.

पागडीवाला:
आणि त्या बँक खात्याला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. पावती कोण देणार?

काळा कोट:
सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये आधारची वाट मोकळी केलीय. राहत्या पत्त्याचा पुरावा नसला तरी नॅको, म्हणजे केंद्राची एड्स नियंत्रण संस्था, किंवा राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार द्या, असा आदेश आहे.

पागडीवाला:
आधारच्या कागदावर मालकाच्या इमारतीचा पत्ता आला, की उद्या पुनर्विकासात तो दाखवला तर चालेल का? वकिलीणबाई, हे नक्की सांगा.