गंजिफा आणि सावंतवाडीचे राजघराणे

सावंतवाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांच्याबद्दल ‘शिवरामराजे आमदार झाले, कलेचं सगळं राणीसाहेबांनी पाहिलं’ अशी विभागणी केली जाते, ती पटत नाही. सत्त्वशीलादेवींचा वाटा फार मोठा, पण मोडकळीला आलेली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची कला, दोघांनी मिळून सावरली, खुद्द राजवाड्यात कारागीर बसवून.

दशावतारी संचात १२० गोल पानं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत एक्का वरचढ, उरलेल्या पाचांत दश्शी. नवखे इथेच अडखळतात. दिवसा रामाच्या राजाने उतारी, रात्री कृष्णाच्या. पाठी मात्र सगळ्या तंतोतंत सारख्या हव्यात. तिथे रंगाचा एखादा ठिपका सांडला तरी पान ओळखू येतं आणि संच खेळायला बाद होतो, मग समोरचं चित्र कितीही देखणं असो.