मदत हवी आहे: रेनफॉरेस्टमध्ये जळवांसाठी काय लावायचं?

निशिगंध: २६ डिसेंबरला रेनफॉरेस्टमध्ये दिवसभराचा ट्रेक आहे, आम्ही चौघं. जळवा फार असतात म्हणे. मीठ न्यायचं की तंबाखू? उद्या बॅगा भरायच्यात, लवकर सांगा.

सह्यवाट: कुठलं रेनफॉरेस्ट? देश तरी सांगा.

निशिगंध: ऑस्ट्रेलिया. ब्रिस्बेनजवळ.

ऊनसावली: लॅमिंग्टन नॅशनल पार्क का? वाट कुठली?

निशिगंध: हो, तेच. बॉर्डर ट्रॅक. पण प्रश्न जळवांचा आहे!

सह्यवाट: तंबाखूच्या पाण्यात मोजे भिजवून वाळवा. भीमाशंकरला चालतं, तिथेही चालेल.

ऊनसावली: तंबाखू नको, तिथे कस्टमची मर्यादा फार कडक आहे. मीठही नको. मीठ पडलं की जळू पोटातलं जखमेत ओकते, मग जखम चिघळू शकते. पँट मोज्यांत खोचा, मोजे घट्ट विणीचे हवेत. बूट आणि मोज्यांवर डीटचा (किडे दूर ठेवणाऱ्या औषधाचा) फवारा मारा. चिकटलीच तर तिच्या निमुळत्या टोकाखाली नख आडवं सरकवा, सुटते. रक्त वाहत राहतं कारण तिच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे ते गोठत नाही. कापड दाबून धरा.
खरी काळजी गोचिडांची घ्या. तिथल्या एका जातीच्या विषाने लकवा होतो. चिमट्याने ओढू नका, दाबली की विष आत जातं. तिथल्या औषधाच्या दुकानात गोचीड गोठवून मारायचा स्प्रे मिळतो.

रानमेवा: आणि स्टिंगिंग ट्री, म्हणजे डंख मारणारं झाड! हृदयाच्या आकाराची, दातेरी कडांची मोठी पानं. झाड पडून ऊन आलेल्या जागी, वाटेच्या कडेला हमखास. खाजकुयली लागल्यासारखं चोळू नका, काचेसारखी कुसं आणखी रुततात. वॅक्सिंगच्या पट्ट्या सोबत ठेवा, लावून उपटल्या की कुसं निघतात.

पंखपिसारा: अल्बर्ट्स लायरबर्ड हा पक्षी तिथे आहे. ४०० एमएमची लेन्स न्या.

निशिगंध: लेन्सचं कोणी विचारलं?

ऊनसावली: ताई, गाडी कुठे ठेवणार? बॉर्डर ट्रॅक पार्कच्या ग्रीन माउंटन्स भागापासून बिना बुरा भागापर्यंत जातो, एका बाजूने २१.४ किमी. परत यायला डोंगर उतरून दुसऱ्या रस्त्याने पुन्हा चढावा लागतो.

निशिगंध: एकच गाडी आहे. हे कोणी सांगितलंच नव्हतं.

ऊनसावली: मग ग्रीन माउंटन्सहून बॉक्स फॉरेस्ट सर्किट करा. सुमारे ११ किमी, जिथून सुरू तिथेच संपतं, वाटेत एलाबाना धबधबा. फोनचं घड्याळ हाताने ब्रिस्बेनवर ठेवा. न्यू साउथ वेल्सची सीमा लागूनच आहे, तिथला टॉवर पकडला की उन्हाळ्यात (तिथे डिसेंबरात उन्हाळा असतो) वेळ एक तास पुढे जाते.

सह्यवाट: बुटांच्या तळव्यातली इथली माती टूथब्रशने काढून टाका आणि विमानातल्या कार्डावर बूट जाहीर करा. खाऊही.

निशिगंध: डिंकाचे लाडू पण?

सह्यवाट: तेही. लपवलं तर दंड, जाहीर केलं तर फार तर काढून घेतील.

ऊनसावली: आदल्या संध्याकाळी क्वीन्सलंड पार्कच्या संकेतस्थळावर बंद वाटा बघा. जोराच्या पावसानंतर या सर्किटवरचे ओढे ओलांडू नका.