किचनच्या मुठी, बिजागऱ्या, चॅनेल: स्वस्तात आणि देखणं कसं जमवलंत?

किचन नव्यानं करताना ओटा आणि टाइल्सवर महिनाभर खल होतो, हँडल-बिजागऱ्यांची यादी मात्र अगदी शेवटी हातात पडते. एक नग बघितला तर किरकोळ वाटतो, सगळ्या नगांनी गुणलं की डोळे पांढरे होतात. आमच्या कपाटांचे सांगाडे धड आहेत, फक्त रुपडं पालटायचंय. कुठे पैसे वाचवलेत, कुठे वाचवण्यात अर्थ नाही, तुमचे अनुभव लिहा. मापांसकट लिहिलंत तर फारच उत्तम.

*

शटर (कपाटांची दारं) तीच ठेवणार असाल तर आधी भोकांमधलं अंतर मोजा, डिझाइन नंतर बघा. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत टेप धरला की मध्य ते मध्य अंतर आपोआप मिळतं. बहुतेक हँडलं ३२ मिमीच्या पटीत येतात: ९६, १२८, १६०, १९२. आमची जुनी मात्र इंची, ४ इंच म्हणजे जवळपास १०२ मिमी. ९६चं हँडल त्यात काही केल्या बसत नाही. मग मागे पट्टी असलेली हँडलं घेतली, जुनी भोकं पट्टीखाली गेली. पट्टीसकट घेऊनही खर्च नव्या शटरच्या पासंगालाही पुरला नाही. शटर रंगवणार असाल तर तेही नको. पुट्टी भरा, घासा, नवीन भोक पाडा. लॅमिनेटवर मात्र कितीही रंग जुळवला तरी पुट्टी दिसतेच.

*

वरच्या कपाटांना नॉब, खालच्या ड्रॉवरना हँडल. नॉबला भोक एक, स्क्रू एक, पैसेही कमी. पण जड ड्रॉवरला नॉब नको, साबणाच्या हातातून निसटतो.

*

मी सुतारकाम करतो, त्यामुळे जरा उलट्या बाजूनं सांगतो. हँडल स्वस्त घ्या, माझी हरकत नाही. ते नुसतं धरायचं असतं. बिजागरी आणि चॅनेल (ज्यावर ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्या) मात्र रोज वजन पेलतात, तिथे हात आखडू नका.

त्यातही आधी जुनी बिजागरी खरंच गेली आहे का ते बघा. दार वाकडं दिसलं की लोक नवी आणतात. आतल्या कपवाल्या (दाराच्या गोल खाचेत वाटीसारख्या बसणाऱ्या) बिजागरीला दार वर-खाली, डावी-उजवीकडे आणि आत-बाहेर सरकवायची सोय असते, नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरनं काम भागतं. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर गोंदात बुडवलेल्या लाकडी काड्या ठोकायच्या, वाळल्यावर छाटून पुन्हा स्क्रू मारायचा.

बदलायचीच असेल तर जुनी सोबत न्या. कप बहुतेक ३५ मिमीचाच असतो, पण दार कपाटाची बाजूची फळी पूर्ण झाकतं, अर्धी झाकतं की आत बसतं, यावर बिजागरीचा बाक ठरतो. तो चुकला की दार बंदच होत नाही. सॉफ्ट-क्लोजसाठी (दार न आपटता हळू मिटावं म्हणून) सगळ्या बिजागऱ्या बदलायची गरज नाही. हलक्या दाराला दोनपैकी एक पुरते, किंवा वेगळा डॅम्पर (दाराचा धक्का झेलणारा छोटा दट्ट्या) लावता येतो.

*

दादा, डॅम्परचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे आपटणाऱ्या दारांनाच लावले, बाकीच्यांना हातही लावला नाही.

*

मी भंगारातून पितळी मुठी उचलल्या. वर ऑइलपेंटचे थर, आकार ओळखू येईना. साबणाच्या पाण्यात मंद आचेवर ठेवल्या (भांडं जुनं घ्या, पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही), रंग सालीसारखा सुटून आला.

ओळखायची खूण सांगते. चुंबक चिकटला तर आत लोखंड. न चिकटला म्हणून पितळ असेलच असं नाही, जस्ताच्या मिश्रधातूलाही चिकटत नाही. मागच्या बाजूला, स्क्रूच्या भोकाच्या तोंडाशी कानसीनं जरासं घासा. आतून पिवळं ते पितळ, राखाडी आलं तर नुसता मुलामा. मुलामा वाईटच असतो असं नाही, पण पितळेचा भाव देऊ नका.

*

जुन्याच हँडलांना स्प्रे पेंट मारायचा सल्ला सगळीकडे असतो. माझं मत वेगळं. कचऱ्याचा डबा, चमच्यांचा ड्रॉवर, जिथे दिवसभर हात लागतो तिथे कडांचा रंग उडतोच, प्राइमर मारूनही. माळ्याच्या कपाटांना खुशाल मारा.

*

हँडलच नको म्हणून आम्ही पुश-लॅच लावले, दाबलं की दार उघडतं. स्वस्त पडतात. पण त्याला स्प्रिंग नसलेली बिजागरी लागते, नेहमीची दार आत ओढून धरते. सॉफ्ट-क्लोजचाही नाद सोडावा लागतो. शिवाय गडद चकचकीत शटर असेल तर बोटांचे ठसे पुसत बसा.

*

ऑनलाइन घेताना आधी एकच नग मागवा. फोटोतलं मॅट ब्लॅक हातात आल्यावर करडं निघू शकतं. पसंत पडलं की सगळे एकदम घ्या, वर दोन-तीन जास्तीचे. पुढच्या लॉटची छटा जुळेलच असं नाही. स्क्रूची लांबीही बघा. १८ मिमीच्या शटरला पुरणारा स्क्रू ड्रॉवरला तोकडा पडतो, कारण तिथे दर्शनी फळी आणि आतली फळी अशी दुहेरी जाडी असते. उलट स्क्रू लांब असला तर तो हँडलच्या भोकाच्या तळाला टेकतो आणि हँडल डगडगतंच; तिथे वॉशर घालून बघा.

*

भोकं पाडायला पुठ्ठ्याचा साचा करा, एका कोपऱ्याला दोन पट्ट्या चिकटवा म्हणजे तो शटरच्या कडेला अडकून बसतो. डाव्या दारासाठी साचा पालथा करायचा. आणि ड्रिल करताना शटरच्या मागे लाकडाचा तुकडा दाबून धरा, नाहीतर बिट बाहेर पडताना लॅमिनेटचा टवका उडतो.