प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखा आपोआप सरकतात, मदत कोणाकडे मागावी?

वेळापत्रक:
आमची अकरा जणांची टीम आहे. चार महिन्यांपूर्वी एक्सेल सोडून प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेतलं (नाव लिहीत नाही). गेले सहा आठवडे टास्कच्या तारखा आपोआप पुढे जातात आणि बंद केलेली टास्क पुन्हा उघडतात. मागच्या आठवड्यात एका सहकारी ताईंना उशिरासाठी सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. नंतर कळलं की त्यांनी तारखेला हातच लावला नव्हता. मला ते फार लागलं.

सगळं सेटअप ज्यांनी केलं ते नोकरी सोडून गेले. सपोर्टला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा "कॅशे साफ करून पाहा" (म्हणजे ब्राउझरने साठवलेला जुना डेटा पुसा) एवढंच उत्तर आलं. बाहेरचा सल्लागार नेमावा का? कसा निवडावा?

जुना_अ‍ॅडमिन:
सल्लागाराचं नंतर बघू. आधी सरकलेलं एक टास्क उघडा आणि त्याची हिस्टरी वाचा. तारीख कोणाच्या नावाने बदलली आहे? तिथे ऑटोमेशनचं किंवा सोडून गेलेल्या माणसाचं नाव असेल, तर त्यांनी बनवलेला एखादा रूल (अमुक झालं की तमुक आपोआप कर, असा नियम) अजून चालू आहे असं समजा. उदाहरणार्थ, 'जिरा' (Jira) या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ऑटोमेशन रूलचा ऑडिट लॉग असतो. रूल कधी चालला, कोणत्या टास्कवर चालला, कुठे अडकला, सगळं त्यात दिसतं. बदल कोणाच्या नावावर नोंदवायचा तेही रूलमध्येच 'अ‍ॅक्टर' म्हणून ठरवलेलं असतं. तुमच्या साधनातही अशी नोंद असेल, शोधा.

हे सगळं बघायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. आज तुमच्याकडे अ‍ॅडमिन कोण आहे? कोणीच नसेल तर ज्यांच्या नावावर बिल येतं त्यांना गाठा.

अबोली:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पण तारखा सरकण्यामागे बरेचदा बिघाड नसतोच, आपणच टास्क एकमेकांना जोडलेली असतात. आधीच्या टास्कला दोन दिवस उशीर झाला की मागची अख्खी रांग पुढे जाते.

मी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरते. तिथे याच्या उलटंही होतं. ऑटो शेड्यूल असलेल्या (म्हणजे ज्याच्या तारखा सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं अशा) टास्कला सुरुवातीची तारीख हाताने टाइप केली की 'स्टार्ट नो अर्लियर दॅन' (या तारखेच्या आधी सुरू करायचं नाही) हे बंधन गुपचूप लागतं. मग आधीचं काम लवकर संपलं तरी ते टास्क अलीकडे येत नाही. 'टास्क इन्स्पेक्टर' उघडलात की ती तारीख कशामुळे आली ते समोर येतं. शेवटची मुदत नुसती लक्षात ठेवायची असेल तर 'डेडलाइन'च्या रकान्यात लिहा. त्याने वेळापत्रक अडत नाही, मुदत उलटली की खूण दिसते. नवीन माणसाला हे कोणीही शिकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वेळापत्रक:
अधिकार मिळाले. हिस्टरीत गेलेल्या माणसाचंच नाव आहे! बंद टास्कवर कोणी कॉमेंट टाकली की ते पुन्हा उघडायचं, असा रूल होता. तारखांचं कारण अबोलीताईंनी सांगितलं तेच, टास्क जोडलेली होती. तरी काही टास्क बरोबर एकच दिवस मागे दिसतात, तेही दोघांनाच.

जुना_अ‍ॅडमिन:
त्या दोघांच्या प्रोफाइलमधला टाइमझोन बघा. रूल डिलीट करू नका, फक्त बंद ठेवा. आणखी काही त्याच्यावर अवलंबून असेल तर ते आठवडाभरात कळेल.

तिकीटवाली:
मी सपोर्टच्या बाजूला काम केलंय. "तारखा सरकतात" एवढंच लिहून आलं की आम्हाला हाती धरायला काहीच नसतं, म्हणून कॅशेचं उत्तर जातं. एकाच टास्कचा क्रमांक द्या. बदल किती वाजता झाला ते टाइमझोनसह लिहा. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, तेही लिहा. खासगी विंडोत, दुसऱ्या ब्राउझरवर करून पाहिलं असेल तर तसं सांगा, म्हणजे तो सल्ला पुन्हा येणार नाही. त्याआधी कंपनीचं स्टेटस पेजही (सेवेत बिघाड आहे का ते सांगणारं पान) बघून घ्या.

सपोर्टने एचएआर (HAR) फाइल, म्हणजे ब्राउझर आणि साइटमधल्या देवाणघेवाणीची नोंद, मागितली तर सांभाळून. त्यात लॉगिन चालू ठेवणारी टोकन असू शकतात. 2023 मध्ये लॉगिनची सेवा देणाऱ्या ऑक्टा कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत घुसलेल्यांनी ग्राहकांच्या अशाच फायलींतली टोकन वापरली होती. फाइल साफ करून पाठवा आणि नंतर लॉगआउट करा.

अबोली:
सल्लागार नेमलातच तर त्यांना कायमचे अ‍ॅडमिन अधिकार देऊ नका. आधी चाचणीच्या प्रोजेक्टवर काम करून दाखवू द्या. केलेला प्रत्येक बदल लिहून देण्याची अट घाला, नाहीतर ते गेल्यावर पुन्हा आजच्यासारखीच वेळ येईल. त्यांनी हात लावण्याआधी डेटा बाहेर काढून ठेवा. सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुराच्या तक्त्याची फाइल) टास्कला जोडलेल्या फायली सहसा येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवून घ्या.

वेळापत्रक:
टाइमझोनच होता! दोघांचेही दुरुस्त केले. सल्लागार सध्या नको. रूल बंद केलाय आणि आता आम्ही दोघं अ‍ॅडमिन आहोत. ताईंच्या टास्कची हिस्टरी छापून घेतली आहे, उद्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे.