स्कोप सर्टिफिकेट पाहून थांबू नका

‘ऑरगॅनिक कापडाचं सर्टिफिकेट म्हणजे पैसे भरा आणि लेबल चिकटवा’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमचं पुण्यात शिलाईचं छोटं युनिट आहे, कापड बरंचसं इचलकरंजीहून येतं. ‘ऑरगॅनिक आहे का?’ विचारलं की व्हॉट्सॲपवर लगेच जीओटीएसचं (ऑरगॅनिक कापडाचं जागतिक मानक) स्कोप सर्टिफिकेट येतं. त्याचा अर्थ एवढाच, की तो कारखाना असा माल बनवायला पात्र आहे. हातातला तागा त्याच मालातला आहे हे सांगतं ते ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. ते मागितलं की ‘बघतो साहेब’!

आणि सूतगिरणी, माग, डाइंग, शिलाई यांतला एक जरी प्रमाणित नसला, तरी शर्टाला जीओटीएसचं लेबल लावता येत नाही. छोट्यांचं घोडं अडतं ते फीपेक्षा इथे, विशेषतः डाइंगच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याच्या अटीपाशी. बनवाबनवी होतेच, नाही असं नाही. २०२० मध्ये जीओटीएसनेच भारतात सुमारे २०,००० टन कापसाची बनावट ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटं पकडली, ११ कंपन्यांवर बंदी घातली. त्यांवरचा क्यूआर कोड सरकारी साइटच्या हुबेहूब नकलेवर नेत होता, म्हणजे बघा. खऱ्या लेबलवर लोगोसोबत प्रमाणन संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असतो. तो जीओटीएसच्या साइटवर स्वतः टाइप करून तपासा, कोड स्कॅन करून नको.