मदत हवी आहे: टर्नटेबलसाठी कार्ट्रिज (रेकॉर्डवर टेकणारी सुई असलेला भाग), बजेट बेताचं

अर्धा इंच माउंटचा साधा एस-आकाराचा टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) आहे. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई (सुईचा दाब २ ग्रॅम, टोक ०.३×०.७ मिल, म्हणजे इंचाचे हजारांश) की ऑर्टोफोन २एम रेड (दाब १.८ ग्रॅम)? माझा कल पहिल्याकडे, कारण त्याच बॉडीवर पुढे मायक्रोलिनियर (जास्त बारीक टोकाची) सुई बसते.

खरी अडचण कपॅसिटन्सची, म्हणजे केबल आणि प्रीअॅम्पमुळे कार्ट्रिजवर पडणाऱ्या विद्युत भाराची. फोनो प्रीअॅम्पला (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) २२० पिकोफॅरड, केबलचे सुमारे १००, मिळून ३२०. व्हीएम९५ला मात्र १०० ते २०० हवेत. जास्त झालं की वरचे सूर टोचतात, नाट्यगीतांतला ‘स’ फुसफुसतो, रेकॉर्डच्या आतल्या खाचांत तर फारच. तिथे अलाइनमेंटचाही (कार्ट्रिजच्या कोनाचा) दोष असतो, पण प्रोट्रॅक्टरवर (कोन तपासायचा तक्ता) दोन्ही बिंदू जुळले आहेत.

प्रीअॅम्पमधला कपॅसिटर ४७चा केला तर पुरेल का? कुणी बदलून ऐकलाय?